चौक्याचं तिकीट

मासे विकणारी बाई जरा हसून बोलली, की गुरुदासकाका हातातला बांगडा परत टोपलीत ठेवतात. "हसली ती. शिळो आसतलो." एसटीत कंडक्टर होते, नोकरीतली बरीचशी वर्षं मालवण-कसाल रस्त्यावर गेली. निवृत्त झाले तरी अंगातला कंडक्टर काही उतरला नाही. मी त्यांची पुतणी, दिव्या. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा क्लास मालवणात म्हणून त्यांच्याकडे राहते. सुरुवातीला मी खरंच क्लासला जाते का हे बघायला ते सायकल घेऊन माझ्या मागून यायचे. मला कळलं तेव्हा मी भर रस्त्यात भांडले. "बघूक नको?" एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशीही आले.

असा माणूस फसायचा नाही असं कुणालाही वाटेल. पण काका फसले, आणि तेही कुणाकडून, तर तळेऱ्याच्या नाक्यावर पिशवी घेऊन बसणाऱ्या एका भाईकडून. विजयदुर्गाला जाताना गाडी बदलायला उतरले होते. हा भाई मधुमेहावर पावडर विकत होता. तो म्हणे काकांना म्हणाला, "डॉक्टरांचो इस्वास धरू नकात. माझो पण धरू नकात. सोता खावन बघा." आपल्यासारखाच संशयी माणूस भेटला म्हणून काका विरघळले. पिशवीभर पुड्या घेऊन घरी आले.

साखर दोघांनाही होती, काकांना आणि सुशीलाकाकीला. पण काका ते काकाच. पावडरीवरही त्यांचा संशय, म्हणून ती आधी काकीला सुरू केली. "तुझ्यो गोळये बंद. ही खा, बघूया." काकीने बरं म्हटलं. पुढच्या तपासणीत तिची साखर छान आली. काकांनी तो कागद उलटासुलटा करून बघितला, लॅबवाल्याचं नाव शेजाऱ्यांकडून पडताळून घेतलं, आणि स्वतःही पावडर सुरू करून गोळ्या सोडून दिल्या. स्वतःचं रक्त मात्र तपासेनात. "हिची उतारली म्हणजे माझी पण उतारली. रक्ताचे पैशे कित्याक घालू?"

मग चपलेने त्यांची टाच सोलवटली. साधी जखम, पण ती भरेचना. रोज सकाळी कडेने थोडी आणखी काळपट दिसायची. मी डॉक्टरांकडे चला म्हटलं की म्हणायचे, "ते कापूकच बसलेहत." मी चिडायचे, आरडाओरडा करायचे. काकी काही बोलायची नाही. नुसती जखम बांधायची, आणि मला तिचाही राग यायचा. नवऱ्याचा पाय जायची वेळ आलीय आणि ही गप्प कशी?

त्या संध्याकाळी मी पडवीत सराव प्रश्न सोडवत होते. इंग्रजी उतारा वाचायचा आणि खालच्या चार पर्यायांतला बरोबर तो निवडायचा. या प्रश्नांत माझे हमखास गुण जातात. काका पाय उंच करून खुर्चीत बसले होते. पलीकडे काकी विळीवर खोबरं खवत होती.

"काय ता मोठ्यान वाच," काका म्हणाले. "त्या पुस्तकवाल्यांचो पण काय भरोसो नाय."

मी मराठीत सांगत गेले. मधुमेहाच्या रुग्णांवर एका नव्या औषधाचा प्रयोग झाला. काही महिन्यांनी बहुतेकांची साखर उतरली. पण संशोधकांनी खोलात चौकशी केली तेव्हा कळलं, की त्यांतल्या पुष्कळांनी आपली जुनी औषधं चालूच ठेवली होती आणि तसं सांगितलं नव्हतं. प्रश्न असा, की या उताऱ्यावरून कोणता निष्कर्ष काढता येतो? नवं औषध गुणकारी आहे, नवं औषध निकामी आहे, रुग्णांनी संशोधकांना मुद्दाम फसवलं, की साखर कशाने उतरली ते सांगता येत नाही?

"गुणकारी," मी म्हटलं. "साखर उतरलीच की."

काका खुर्चीत सरळ झाले. "तिकीट दाखव."

"कसलं तिकीट?"

"माणूस वाटेतल्या चौक्याचा तिकीट काढता आणि कसालापर्यंत बसान ऱ्हवता. तशी ही तुझी गुणकारी. उताऱ्यात तिचा तिकीट खंयपर्यंत आसा? साखर उतारली, हयपर्यंत. कशान उतारली ता लिवल्यानी? नाय. मगे उतर खाली."

मला ते पटलं. पटलं याचाच राग आला. "मग निकामी?"

"ता पण बिनतिकिटाचा. उत्तर तिसरा," काका खूश होऊन म्हणाले. "मुद्दाम फसयल्यानी. माणसां तशीच आसतत."

आता मला संधी मिळाली. "तिकीट दाखवा, काका. 'सांगितलं नव्हतं' एवढंच लिहिलंय. मुद्दाम फसवलं असं कुठे आहे?"

काकांनी मान झटकली. मान्य करणं जिवावर आलं होतं. "सांगूक नाय म्हणजे फसयलाच मां? नायतर कित्याक सांगूक नाय?"

"घाबारली आसतीत," काकी म्हणाली.

ती इतक्या हळू बोलली की मला आधी वाटलं स्वतःशीच बोलतेय. तिचा हात विळीवर थांबला होता.

"सांगूक गेला तर वरडतले, म्हणान घाबारली आसतीत," ती म्हणाली. "मी पण सांगूक नाय."

"तू काय सांगूक नाय?" काकांनी विचारलं.

"माझ्यो गोळये मी सोडूकच नाय. रव्याच्या डब्यात ठेवलंय. देवळात जातंय सांगान मेडिकलातसून आणतंय. तुमची पावडर केळीच्या मुळात घातलंय."

मी पेन खाली ठेवलं.

"माका वाटला, पावडरीचो नाद आपोआप सोडशात," काकी म्हणाली. "पण माझी साखर बरी इली आणि तुमी तुमच्यो पण सोडलात. माझ्यामुळा सोडलात. रोज ती टाच बघतंय आणि रोज म्हणतंय, आज सांगूया. जीभच वळणा नाय."

आणि ती पदरात तोंड घालून रडायला लागली. मला तिच्याजवळ जावंसं वाटलं, पण काकांकडे बघून मी जागची हलले नाही. आता आभाळ कोसळणार असं वाटत होतं.

काकांनी माझ्या पुस्तकाकडे बघितलं. मग माझ्याकडे वळले. "ह्यो उतारो तुमी दोगींनी मिळान आणलास?"

"नाही हो! पुस्तकातला आहे. बघा ना."

त्यांनी पुस्तक घेतलं, पान चाळलं, मागचं पुढचं बघितलं, परत दिलं. मग काकीला विचारलं, "इतके म्हयने माका कसा कळूक नाय?"

काकीने डोळे पुसले. "सगळ्यांचो संशय घेतास. माझो कधी घेवकच नाय. म्हणान जमला."

काकांनी मान खाली घातली. टाचेवरचं फडकं उगाच नीट केलं. मी एकवीस वर्षांत त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, आणि तेव्हाही ते रडले का, नक्की सांगता येणार नाही, कारण त्यांनी लगेच खुर्चीचा हात धरून उठायला सुरुवात केली.

"दिव्या, रिक्षा बघ. दवाखानो उघडो आसतलो." मग काकीच्या खांद्यावर भार टाकून उभे राहिले आणि दुसरीकडेच बघत म्हणाले, "फसयलंस ता बरा केलंस गो. दोगांतला एक तरी बरा ऱ्हवला."