बांधावरचा भुईआवळा

आई काविळीचं औषध देते. खरं तर द्यायची. ताजा भुईआवळा वाटून ताकातून, रिकाम्या पोटी. पैसे कधी घेतले नाहीत, फार तर नारळ. तिच्या सासूकडून औषधासोबत दोन नियमही आले होते. पाला सासूने दाखवलेल्या बांधावरचाच घ्यायचा, दुसरीकडचा लागू पडत नाही. आणि रोग्याला देण्याआधी देणाऱ्याने स्वतः एक घोट घ्यायचा, म्हणजे समोरच्याला भरवसा वाटतो.

काही वर्षांपूर्वी त्या बांधाच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारी भट्टी आली. पत्र्याची शेड, नावाची पाटीसुद्धा नाही. पावसात तिथलं पाणी सरळ आमच्या बांधाला. भुईआवळा मात्र हिरवागार, एक पान पिवळं नाही. त्या निर्लज्ज हिरवेपणाचा मला आजही राग येतो.

आईचं पोट दुखायला लागलं, मनगटातलं बळ गेलं, ताकाचा तांब्या हातातून सुटायला लागला. कर्जतच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट बघून त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही खाता तरी काय?" मग पाला तपासला. त्यातही शिसं.

"पाला तीन पाण्यानं धुते की मी," आई म्हणाली. डॉक्टर म्हणाले, धुऊन जायला ते पानावर नाहीच. मुळांनी मातीतून ओढून पानात नेलंय.

मी भट्टीवाल्याशी जाऊन भांडले. "तो पाला खा म्हणून आमी सांगितलं व्हतं काय?" म्हणाला. तक्रार केली. साहेब आले, चहा प्यायले, गेले. भट्टी चालू आहे.

परवा कशेळ्याहून एक बाई लेकीला घेऊन आली. पोरीचे डोळे पिवळे झालेले. आईने हात जोडले, हिला दवाखान्यात ने म्हणाली. "मावशी, आता भाव खायला लागलीस गं," असं म्हणून बाई फणकाऱ्याने निघाली. तिला खरं काय ते सांगायला मी मागे धावणार, तेवढ्यात आईने माझा हात धरला. त्या धरण्यात जोर असा नव्हताच.

"मी नुसता घोट घ्यायची गं," ती म्हणाली. "त्यांना पेला भरून पाजलंय. ल्हान ल्हान पोरांना पन. आता त्यांना काय सांगू?"