सरुबाई खोत आणि पहिल्या पंगतीचे ताट

कै. सरुबाई गुंडू खोत, जन्म इ. स. १९४६, कागल तालुक्यात, मृत्यू इ. स. २००८, कोल्हापूर शहरात. गंगावेशीच्या अंगाला, नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पैलवानांची खानावळ त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ चालवली. पती गुंडू खोत हे स्वतः कुस्तीगीर होते. त्यांच्या अकाली निधनानंतर पदरात सहा-सात वर्षांचा मुलगा बाळासो असताना सरुबाईंनी चूल पेटवली ती परमुलखातून तालमीत येणाऱ्या पोरांसाठी. त्या पोरांची त्या सर्वांत थोरली बहीण झाल्या, आणि पुढे पेठेत लहानथोर सगळेच त्यांना आक्का म्हणू लागले.

त्या खानावळीचा एक अलिखित दंडक होता, आणि पुढील सर्व हकिकत त्या दंडकापासूनच सुरू होते. वाढणारीने शेवटी जेवायचे. आणि जे उरेल ते संपवूनच उठायचे. सामान्य घरात या रीतीने फारसे काही बिघडत नाही. परंतु येथे उरत असे ते पैलवानांच्या खुराकातले. तुपाने थबथबलेल्या भाकऱ्या, साईसकट दूध, बदाम वाटून केलेल्या थंडाईचा तळ, मटणाच्या पातेल्याला चिकटलेला रस्सा. पोरे तो खुराक सकाळी हजार बैठका मारून जिरवीत. सरुबाईंची बैठक मात्र चुलीपुढे एकच, ती सकाळी घातली की दुपारी उठायचे. अन्न टाकू नये या शुद्ध हेतूने त्यांनी वीस वर्षे पैलवानाचा आहार घेतला. त्याचा जो परिणाम व्हायचा तो झाला.

इ. स. १९९८च्या उन्हाळ्यात बाळासोंनी कसबा बावड्यात घर बांधले. ते लेथ मशिनवर काम करीत; पुढे कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फोरमन झाले. वास्तुशांतीच्या दिवशी पूजा वरच्या मजल्यावर होती. सरुबाई नवे लुगडे नेसून जिना चढू लागल्या, आणि तिसऱ्याच पायरीवर गुडघ्यांनी दगा दिला. अरुंद जिना, मागे पाहुण्यांची रांग खोळंबलेली. सरुबाई कठड्याला धरून मागे वळल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "जावा गं वर तुम्ही. खाली चपला राखायला कोणतरी पायजेच की!"

सगळे हसले. त्या खाली खुर्चीवर बसून राहिल्या. नात श्रुती वरून ताट घेऊन आली. ते ताट जसेच्या तसे परत गेले. तीस जणांचे उरलेले संपवणाऱ्या बाईने आपल्या मुलाच्या घरचे पहिले ताट उष्टेही केले नाही.

पाहुणे पांगल्यावर बाळासोंनी आईला तळमजल्यावरची एक खोली दाखवली. पलंग, पंखा, भिंतीला लावलेली नवी घडवंची, सगळे जागच्या जागी होते. खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारच्या घराची भिंत होती.

"आई, ही खोली भाड्यानं देत न्हाय मी. तुझ्यासाठी ठेवलीया. आता बास झाली खानावळ."

"आन पोरांनी जेवायचं कुठं?"

"पोरांचं पोरं बघतील. तुझं गुडघं बघ. डॉक्टर काय म्हणलं? वजन उतरल्याबिगर ऑपरेशन बी करता येत न्हाय."

मुलगा काळजीपोटी बोलत होता, हे सरुबाईंना कळत होते. पण त्या खोलीत बसून त्यांनी दिवसभर काय करायचे होते? पंख्याकडे पाहायचे? त्या म्हणाल्या, "बाळू, मला तीन वर्सं दे. तिसऱ्या पाडव्याला मी तुझ्या जिन्यानं वर आलो, तर ह्यो विषय पुन्यांदा काढायचा न्हाय."

"आन न्हाय आलीस तर?"

"तर माझी ट्रंक तू स्वतः घेऊन ये हितं."

असा करार झाला. पण वजन उतरवायचे कसे, याची सरुबाईंना काहीही कल्पना नव्हती. आधी ते होते किती, हेच ठाऊक नव्हते, कारण डॉक्टरांच्या काट्याची सुई शेवटच्या रेघेला जाऊन टेकली होती. अखेर खानावळीचे जळण जिथून येई, त्या गणपतरावांच्या लाकडाच्या वखारीत त्या गेल्या. तिथला साखळ्यांचा तराजू ओंडके तोलण्याचा. गणपतरावांनी पारडे जमिनीला टेकवले आणि डोळे मिचकावून विचारले, "बसा आक्का. भाव कंचा लावू, सुक्या लाकडाचा का वल्ल्याचा?"

"वल्ल्याचा लावा, गणपतराव. आजून पेटायची हाय मी."

दुसऱ्या पारड्यात लोखंडी मापे संपली, तेव्हा गणपतरावांनी वखारीतले दगड घातले. ते दगड पाहून सरुबाईंचे हसू मावळले.

पहिले काही महिने त्यांनी उपवास करून पाहिले. दिवसभर पोट मारायचे आणि रात्री उरलेल्या भाकऱ्यांसमोर हरायचे, असा तो क्रम होता. त्यातून बाहेर पडण्याची वाट दाखवली ती यल्लाप्पाने. हा पोरगा चिकोडीकडचा. मराठी बोले ती कानडी हेलातच. दररोज जेवून उठताना तो विचारी, "आक्का, ऊटा आतेन्री?" त्याच्या मुलखात माणूस भेटले की आधी जेवण झाले का, असेच विचारतात. सरुबाईंचे उत्तर ठरलेले, "तुमचं झालं की माझं झालंच."

एके दिवशी संध्याकाळी त्याने ताट पुढे सरकवले आणि हाताची घडी घालून बसला.

"काय रं, रस्सा बिघडला व्हय?"

"न्हाय. तुम्ही बसा आधी."

"मी कशी बसू? वाढायचं कुणी?"

"आमास्नी हात हायत की. तुम्ही बसल्याबिगर मी घास घेणार न्हाय."

पंगतीत कुजबुज झाली. कोणी म्हणाले, "यल्ल्या, जेव की गुमान." यल्लाप्पा हलेना. पैलवानाचा हट्ट, शेवटी सरुबाईंनी कंटाळून आपले ताट मांडून घेतले. ताजी भाकरी, वाटीभर आमटी, कांदा. वाफ येत असलेले अन्न त्या कित्येक वर्षांनी जेवत होत्या. पोरांनी आपले आपण वाढून घेतले. कोणाचेही काही अडले नाही. पातेल्यांत उरायचे ते उरलेच. पण सरुबाई पाहतात तो पोट भरलेले होते, आणि भरल्या पोटी त्या उरलेल्याकडे पाहिल्यावर त्यांना प्रथमच जाणवले, की आजवर आपण भूक म्हणून खात नव्हतो, पातेले रिकामे करण्याचे काम करीत होतो.

दुसऱ्या दिवसापासून दंडक बदलला. आक्कांचे ताट पहिल्या पंगतीला. कोणाला किती भाकऱ्या लागणार हे सकाळीच विचारायचे आणि तेवढेच पीठ मळायचे. तरीही उरलेला भाकरतुकडा जवळच्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध विकायला म्हशी आणणारा कृष्णात म्हशीच्या आंबोणात घालण्यासाठी नेऊ लागला. दीडदोन महिन्यांनी त्यानेच तक्रार केली, "आक्का, तुमचा खुराक म्हशीला लागला. शिंगं मारायला लागलीया. आता तिला बी लंगोट नेसवून धाडतो तालमीत."

वजन उतरले ते अतिशय सावकाश. गणपतरावांच्या पारड्यातून एक दगड कमी व्हायला दिवाळी उजाडली. गुडघ्यांना चालणे सोसत नव्हते. डॉक्टरांनी पाण्यात व्यायाम करा म्हणून सांगितले. सरुबाईंना आठवले, की लहानपणी गावच्या विहिरीत पाठीला सुकलेला भोपळा बांधून त्या पोहायला शिकल्या होत्या. लग्नानंतर पाण्याशी संबंध उरला तो भांडी घासण्यापुरता. शेजारच्या बयाबाईंना सोबतीला घेऊन त्या पहाटे पंचगंगेच्या घाटावर जाऊ लागल्या. कित्येक दिवस गुडघाभर पाण्यात पायरीवर नुसत्या बसत. धुणे धुणाऱ्या बायका कशाला सोडतील?

"आक्का, जपून उतरा! नदीला पूर यील!"

"येऊ दे की. तुमची धुणी आपसुक व्हतील."

एका पहाटे त्यांनी कासोटा घट्ट खोचला, पायरी सोडली, आणि अंग पाण्यावर टाकले. बयाबाईंनी घाबरून हाका मारल्या. सरुबाई उताण्या तरंगत होत्या. शरीराने ती विद्या चाळीस वर्षे जपून ठेवली होती. गुडघ्यांवर कोणताही भार नव्हता, वर नुकते उजाडणारे आभाळ होते. घाटावर परत आल्या तेव्हा त्या बयाबाईंना एवढेच म्हणाल्या, "उद्या तू बी ये. मी धरतो तुला." बयाबाई शिकल्या. त्यांच्यामागून आणखी चारपाच जणी शिकल्या. पूर येईल म्हणणारीही त्यांत होती.

येथपर्यंत वाचून हा प्रवास सरळ झाला असे कोणी समजू नये. दुसऱ्या वर्षी आषाढ आला. कोल्हापुरात आषाढ म्हणजे घरोघर मटणाचे हंडे. खानावळीत तर विचारायलाच नको. पावसाने नदी पात्राबाहेर आलेली, पोहणे बंद. श्रावण लागला तेव्हा गणपतरावांना काढलेला दगड पुन्हा पारड्यात ठेवावा लागला. ते बिचारे तो लपवून ठेवू पाहत होते.

"ठेवा की, गणपतराव," सरुबाई म्हणाल्या. "लबाडीनं जिना चढता येत न्हाय."

त्या रात्री त्यांनी खरोखरच ट्रंक पुसून ठेवली. पण सकाळी पंगत बसली, पोरांनी आक्कांचे ताट नेहमीच्या जागी मांडले आणि सगळे थांबून राहिले. बसावेच लागले. पुराचे पाणी ओसरल्यावर नदीही पुन्हा सुरू झाली. त्याच भाद्रपदात, गौरीच्या सणाला, पेठेतल्या बायकांनी झिम्मा-फुगडीत त्यांना ओढले. आधी त्या नुसती गाणी सांगत; मग सूप नाचवू लागल्या. पूर्वी दोन भाकऱ्या थापल्या तरी धाप लागत असे. आता गाण्याची ओळ लांबवताना त्यांचा आवाज सगळ्या जणींच्या वर जाई, आणि चारचौघांत उभे राहण्यापूर्वी त्यांना विनोद शोधावा लागत नसे.

इ. स. २००१चा पाडवा. बावड्याच्या घरी गुढी उभी होती. सरुबाई अजूनही भरल्या अंगाच्याच होत्या. गणपतरावांच्या वखारीतले दगड मात्र पारड्यातून निघून एका कोपऱ्यात गेले होते आणि लोखंडी मापांवर भागत होते. जिन्याच्या तोंडाशी त्यांनी चपला काढल्या. तिसरी पायरी आली तेव्हा बाळासो लगबगीने हात द्यायला पुढे झाले.

"हात नगं. मागनं ये माझ्या."

जिना वळतो तिथे त्या थांबल्या, श्वास घेतला, आणि उरलेला जिना एका दमात चढल्या. वर सुनेने, स्वप्नालीने, पाट मांडला होता. सरुबाई बसल्या नाहीत. आधी गच्चीत गेल्या. उसाच्या फडांपलीकडे साखर कारखान्याची चिमणी दिसत होती आणि दूर नदीचे वळण. पुष्कळ वेळ पाहून त्या आत आल्या आणि स्वप्नालीला म्हणाल्या, "तुझं बी ताट मांड गं. एकदमच बसू." मग मुलाकडे वळून, "आन बाळू, त्या खोलीत भाडेकरू घाल."

बाळासोंचे डोळे भरून आले होते. ते एवढेच म्हणाले, "घालतो."

त्यानंतर सात वर्षे सरुबाईंनी खानावळ चालवली, आणि नदीला पूर नसेल त्या बहुतेक पहाटे पोहल्या. इ. स. २००८ मध्ये अल्पशा आजाराने त्या गेल्या. खानावळ त्यांच्या इच्छेनुसार बयाबाईंकडे आली, आणि स्वयंपाक करणारीचे ताट पहिल्या पंगतीला, हा दंडकही खानावळीसोबत आला. तळमजल्यावरच्या खोलीत एक शिक्षक कुटुंबासह राहतात.

एक गोष्ट मात्र राहून गेली. यल्लाप्पा खांदा निखळल्यामुळे त्या पाडव्याच्या आधीच गावी परतला होता. आपण जिना चढलो, हे त्याच्या घरी जाऊन सांगायचे, त्याच्या चुलीवरचे जेवायचे, असे सरुबाई दरवर्षी म्हणत आणि दरवर्षी खानावळ आडवी येई. दिवसकार्य आटोपल्यावर बाळासो आईच्या वतीने चिकोडीकडे गेले. यल्लाप्पाने सगळी हकिकत ऐकली, आक्का गेल्याचे ऐकून डोळे पुसले, आणि मग गोंधळून विचारले, "मी ताट सारलं होतं? कधी?"

बाळासोंनी पुन्हा सांगितले. यल्लाप्पाने डोके खाजवले.

"आता आठवतंय बघा. मला त्या वर्सी खालच्या गटात खेळायचं होतं, वजन उतरवायचं होतं. आन आक्का उभी ऱ्हायली की ताटात वाढायची थांबतच न्हवती. बसवली तर हात थांबंल, म्हणून बसवली. वजन माझं उतरवायचं होतं, पावणं, उतरलं आक्काचं."

बाळासो हसले. आभार मानायला आलेला माणूस. आणि समोरचा ते घ्यायलाच तयार नव्हता. तेवढ्यात यल्लाप्पाच्या बायकोने दोन ताटे आणली आणि वाढण्यासाठी ती बाजूला उभी राहिली. बाळासोंनी ताटाला हात लावला नाही.

"वैनी," ते म्हणाले, "तुमचं ताट कुठं हाय?"