पुड्या कोणी बंद केल्या?

रनाळ्याच्या कमलबाईंनी औषध अर्धवट सोडले, असे मी वरिष्ठांना सांगितले होते. ते खोटे होते. औषध मी सोडायला लावले होते, आणि ही गोष्ट कित्येक वर्षे मनातच ठेवली.

पन्नासच्या दशकात मी नंदुरबार भागातल्या एका दवाखान्यात नवखा डॉक्टर होतो. कमलबाईंना क्षय झाला होता. स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन आणि जोडीला पी.ए.एस.च्या पुड्या, असा उपचार चालू होता. पुड्यांनी त्यांना मळमळत असे.

"साहेब, ह्या पुड्या तुम्ही एकदाव खाई दखा!" त्या म्हणाल्या. "मन्हा घास उतरत नही. सुईच द्या."

मला दया आली. "बरं, राहू द्या पुड्या," मी म्हणालो.

इंजेक्शनने बहुतेक जंतू मरतात. थोडे चिवट उरतात. पुडी त्यांच्यासाठी असते. एकटे इंजेक्शन दिले की हे चिवट जंतूच वाढतात आणि मग त्या औषधाला दाद देत नाहीत. खोकल्यातून घरच्यांनाही तेच मिळतात. हे सारे मला पाठ होते.

कमलबाईंचे वजन आधी वाढले, मग उतरू लागले. ताप परतला. धुळ्याहून आलेल्या वरिष्ठांनी कमलबाईंसमोरच मला विचारले, "पी.ए.एस. चालू होतं ना?"

"इर्रेग्युलर पेशंट, सर."

कमलबाईंसोबत आलेल्या त्यांच्या सासूबाईंना माझे इंग्रजी कळले नाही. पण वरिष्ठ कमलबाईंकडे वळून "पुड्या फेकून देता?" असे मराठीत रागावले, ते कळले. कमलबाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिले आणि पदर तोंडाशी धरला.

पुढे आयसोनियाझिडच्या गोळ्या मिळाल्या. जोडीला त्याच पुड्या. या खेपेस त्यांनी एकही चुकवली नाही. त्या बऱ्या झाल्या. घरात कोणाला लागण झाली नाही, हे माझे भाग्य.

साठच्या दशकात क्षय-तपासणीच्या पथकाबरोबर मी रनाळ्यास गेलो. अंगणात मिरच्या वाळत होत्या. कमलबाई ठणठणीत होत्या. सासूबाई चहा देत हसल्या, "वळखी का, साहेब? पुड्या फेकनारी हाईच ती! भाजीमा मीठ कमी पडनं तरी मी म्हनस, मीठबी फेकी दिनं का व?"

दया आली तरी औषध कमी करू नये, हे मी तोवर शिकलो होतो. दुसरा धडा बाकी होता. खोटे मी इंग्रजीत बोललो होतो. खरे मात्र सासूबाईंना कळेल अशा बोलीत बोलणे भाग होते.

"माय, त्यास्नी नही फेक्यात पुड्या. मीच बंद कर्यात. कमलबाई, चूक मन्ही शे. माफ करा."