दादाने मोजलेली विहीर

वहिनीचा फोन आला तेव्हा मी देवास गेटला सेव घेत उभी होते. दादासाठीच. डॉक्टरांनी ती बंद केली होती, त्यामुळे पर्समधून लपवून न्यायचं काम धाकटी बहीण म्हणून माझ्याकडे. ‘हे गेले गं मालती...’ एवढंच वहिनीला बोलता आलं. ऑटोने नानाखेड्याला दादाच्या घरी पोचेपर्यंत पुडी माझ्या हातातच होती. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

दादा राज्याच्या भूजल खात्यात होता. गावोगावच्या ठरलेल्या विहिरींवर वर्षातून तीन-चारदा जायचं आणि पाणी किती खाली गेलंय ते मोजायचं, हे त्याचं काम. फितीच्या टोकाला खडू घासायचा, फीत विहिरीत सोडायची आणि वर ओढून खडू कुठवर भिजला ते बघायचं. एवढ्याशा कामाला सरकार पगार देतं, असं मी त्याला चिडवायची. तो म्हणायचा, ‘तू वर्गात हजेरी घेतेस ना? तशी मी पाण्याची घेतो.’ वहिनीला बघायला गेलो तेव्हाही हा आधी त्यांच्या परसातल्या विहिरीत डोकावला होता. ‘मला नंतर बघितलं,’ असं वहिनी अजून सांगते.

प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर लाल रंगाची खूण असे. माप तिथूनच घ्यायचं आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची, म्हणजे जमिनीपासून पाणी किती खोल ते निघतं. उन्हेलकडच्या एका गावात दादाचा चांगला घरोबा होता. तिथल्या अंबारामने एकदा पंचायतीकडून विहिरीचा मोडका कठडा नवा बांधून घेतला, आधीपेक्षा दोन वीत उंच. बाबूजींना, म्हणजे दादाला, शोधाशोध नको म्हणून नव्या कठड्यावर, अगदी जुन्याच जागी, स्वतःच्या हाताने लाल खूणही काढून ठेवली. दादा गेला, खूण बघून खूश झाला, फीत सोडली आणि उंची मात्र वहीतली जुनीच वजा केली. झालं! पाणी होतं तिथंच होतं, पण कागदावर दोन वीत खाली गेलं. गावाने पिण्याच्या पाण्यासाठी नवी ट्यूबवेल मागितली होती. या आकड्यावर बोट ठेवून तिची परवानगी अडवली गेली.

पुढच्या फेरीत कठड्यावर हात टेकवताना त्याला तो उंच लागला, तेव्हा सगळा प्रकार ध्यानात आला. त्याच दिवशी ऑफिसात जाऊन त्याने लिहून दिलं की चूक माझी आहे, आकडा दुरुस्त करावा. नेमकी तेव्हाच बढतीची यादी तयार होत होती. बढती म्हणजे भोपाळला टेबलावरचं काम, मे महिन्याच्या उन्हात मोटरसायकलवरून वणवण बंद. त्याची छाती तेव्हापासूनच कुरकुरत होती. यादी लागली, त्यात दादाचं नाव नव्हतं.

मी तणतणत त्याच्या घरी गेले. ‘कोणाला कळणार होतं? पुढच्या वेळी गुपचूप बरोबर आकडा लिहून टाकायचास.’

‘अगं, मग त्यांची परमिशन एक साल और अटकली असती,’ तो म्हणाला. ‘बाया किती लांबून पाणी आणतात, तू देखलं नाहीस.’

‘आणि तुझ्या तब्येतीचं काय? मूर्ख आहेस तू दादा, शुद्ध मूर्ख.’

तो हसला आणि त्याने वहिनीला चहा टाकायला सांगितला. त्या वर्षी भाऊबीजेला मी गाल फुगवूनच त्याला ओवाळलं. नंतर राग निवळला, पण तो विषय पुन्हा ना त्याने काढला ना मी. गावाला ट्यूबवेल मिळाली, हेही मला वहिनीकडून कळलं. दादा निवृत्त होईपर्यंत उन्हातान्हात विहिरी मोजत फिरला, आणि दर उन्हाळ्यात मी मनातल्या मनात त्या एका कागदाला शिव्या दिल्या.

गेल्या रविवारी मी वहिनीकडे बसले होते. दादाचा फोन वाजला. तो अजून चार्ज करून ठेवते ती. मी उचलला. पलीकडे अंबाराम होता.

‘बाबूजी, मुंडेर में दरार आ गई है. सीमेंट लगवा लें क्या?’ मुंडेर म्हणजे तोच विहिरीचा कठडा.

दादा निवृत्त झाला त्याला किती वर्षं झाली! मी सांगितलं, बाबूजी नहीं रहे. तो म्हणाला, ‘बाई साब, उनसे पूछे बिना हम मुंडेर को हाथ नी लगाते. अब किससे पूछें?’

मी म्हटलं, ‘पहले ऊँचाई नाप के लिख लेना, भैया. फिर सीमेंट लगाना. फिर से नापना, और नापने जो आए उसको बता देना.’ हे मला कसं सुचलं कोण जाणे. ‘जी,’ म्हणून त्याने फोन ठेवला.

वहिनी चहा गाळत होती. मी तिला म्हटलं, ‘दादाचं बरोबर होतं गं.’

तिने गाळणी बाजूला ठेवली. ‘हे त्यांच्यासमोर म्हणाली असतीस तर...’ म्हणाली आणि कप माझ्यापुढे सरकवला.

दादाने आपली चूक कळली त्याच दिवशी लिहून दिली होती. मला माझी कबूल करायला इतकी वर्षं लागली, आणि तीही त्याच्या माघारी.