टाके दिसत न्हाईत म्हणून

पेडगावात पिठाची गिरणी चालवणारी सरजाबाई माझी थोरली जाऊ. मी तिला आक्का म्हणते. जावाजावांचं पटत नसतं म्हणं, म्हणू द्या लोकांला. दीर गेल्यावर तिनं एकटीनं गिरणी सांभाळली. पट्टा तुटला तर सवता बसवती, कुणाच्या पिठाला हात लावत न्हाई. एकच खोड. धाकट्या भावाचा, चंद्रभानचा डबा आला की रांग सोडून आधी त्याचं दळायचं. बायका कुरकुर करायच्या, ही ऐकायची न्हाई. ह्याच भावाला तिनं सवताची एक किडनी दिलेली हाय.

मागल्या साली पोट दुखायलं म्हणून सोनोग्राफी केली, तर उरलेल्या एकुलत्या एका किडनीत सुपारीएवढी गाठ. कॅन्सरची. मोठा डॉक्टर मान वर न करता म्हणला, किडनी काढावी लागेल. मी म्हणलं, साहेब, हिला दुसरी न्हाई. तर म्हणतो, मग डायलिसिस करा, आठवड्यातून तीनदा. गिरणी कोण चालवल, बाई जगंल कशी, त्याला काय पडलंय.

घरी आलो तर चंद्रभान बसलेला. म्हणला, "ताई, डॉक्टर म्हणतोय तर काढून टाक. डोक्याचा ताप तरी जाईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची किडनी पोटात घेऊन फिरायलाय, आन तिलाच शानपणा शिकवायलाय.

मी आक्काला घेऊन थेट संभाजीनगर गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाला धरली. "गाठ लहान आहे. पाठीतून सुई घालायची, स्कॅनवर बघत गाठीत न्यायची आणि सुईच्या उष्णतेनं गाठ जाळायची. किडनी राहते."

खात्री किती, मी इचारलं. बाई खोटं बोलल्या न्हाईत. एवढ्या लहान गाठी बहुतेक एकदाच जाळल्यानं जातात, म्हणल्या, पण एखादीचा कण राहतो, मग परत जाळावं लागतं, म्हणून तपासणी वर्षानुवर्षं सोडायची न्हाई. गाठ मोठी असती तर हे जमलं नसतं.

मग पहिल्या डॉक्टरनं हे का सांगितलं न्हाई? त्याच्याकडं मशीन नसंल, नसू द्या. तोंड तर व्हतं. "दुसरीकडं विचारा" एवढं म्हणायला त्याची जीभ जड झाली.

सुईनं गाठ जाळली आन आमी दुसऱ्या दिवशी घरी आलो. आमच्याकडं ऑपरेशनवाल्याला भेटायला येणारा आधी टाके बघतो. आक्काच्या पाठीवर डास चावल्यावानी एक ठिपका. बायका एकमेकींकडं बघायल्या. टाके न्हाईत म्हणजी काही केलंच न्हाई, फसवलं, असं गावभर झालं.

तीन महिन्यांनी स्कॅन झाला. गाठ मेलेली, किडनी चांगली चालू. मी गिरणीवर सगळ्यांला सांगितलं, तवाच चंद्रभान डबा घेऊन आला.

"टाका न्हाई, काही न्हाई. उल्लू बनवलं ताई तुला. अजून वेळ हाय, काढून टाक."

आक्कानं गिरणी बंद केली. पदर सारून कुशीवरला जुना लांब व्रण त्याच्यापुढं धरला.

"टाके बघायचेत न्हवं? हे बघ. तुझ्यासाठी घेतले. तवा का न्हाई म्हणलास, ताई, अजून वेळ हाय, देऊ नको म्हणून?"

आक्कानं गिरणी चालू केली, चंद्रभानचा डबा उचलला आन रांगेत सगळ्यात मागं नेऊन ठेवला.