सव्वातीनची हिर्डोशी

भोरहून हिर्डोशीला दुपारी सव्वातीनला एसटी सुटते, असं मी इंटरनेटवर लिहिलं तेव्हा अशी कुठलीच एसटी नव्हती. ती असावी असंही माझ्या मनात नव्हतं. मला फक्त एक सव्वा हवा होता.

मी तेव्हा भोरच्या स्टँडसमोर एका कापडदुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास घ्यायचे. सकाळी मुलांचं टायपिंग, संध्याकाळी दुकानदारांची हिशेबाची शिकवणी, आणि मधल्या रिकाम्या वेळात एका लायब्ररीचं काम. पुस्तकांची नव्हे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना आपल्या प्रोग्रॅममध्ये आयता बसवता येईल असा तयार कोड, त्यालाही लायब्ररीच म्हणतात. आमची ओपन सोर्स होती, म्हणजे कुणीही फुकट घ्यावी आणि कुणीही सुधारावी. ती दोन कामं करायची. मराठी शब्द बाराखडीच्या क्रमानं लावायची, आणि घड्याळातली वेळ आपण बोलतो तशी लिहून द्यायची. तीन वाजून पंधरा मिनिटं दिली की ‘सव्वातीन’.

कोड लिहिणारी मंडळी जगभर विखुरलेली होती. त्यांचा प्रमुख युरोपात उत्तरेकडे कुठं तरी राहायचा. त्याला मराठी येत नव्हतं, पण पावणे आणि दीड या प्रकारावर त्याचा फार जीव जडला होता. माझ्याकडे डॉक्युमेंटेशन होतं, म्हणजे ही लायब्ररी कशी वापरायची ते उदाहरणं देऊन लिहायचं.

लायब्ररीची नवी आवृत्ती निघाली की डॉक्युमेंटेशनचीही निघायची, आणि जुनं आपल्या जागी तसंच राहायचं. हा नियम माझाच. एकदा प्रमुखानं जुन्या पानावरच नवी माहिती चढवली आणि जुनी आवृत्ती वापरणारे लोक गोंधळले. मी त्याला लांबलचक मेल लिहिली. ज्याच्याकडे जुनी आवृत्ती आहे त्याला तिचंच वर्णन मिळालं पाहिजे, एकदा बाहेर पडलेल्या पानाला कुणीही हात लावायचा नाही, मग तो कितीही मोठा असो. ‘कितीही मोठा’ हे त्यालाच होतं. त्याला ते इतकं पटलं की त्यानं त्याचा नियम करून टाकला.

उदाहरणं मी खिडकीतून घ्यायचे. समोर स्टँडवर गाड्यांच्या वेळांचा बोर्ड होता. किकवीच्या गाडीनं मला साडे दिला, वेल्ह्याच्या गाडीनं पावणे दिला. सव्वाला मात्र एकही गाडी सुटत नव्हती. हिर्डोशीचं नाव मला क्रमवारीसाठी हवंच होतं, कारण त्यात रफार आहे आणि रफारानं आमच्या कोडला फार छळलं होतं. मग मी हिर्डोशीलाच सव्वातीन देऊन टाकले.

त्या वर्षांत इंटरनेटवर मराठीत काही शोधलं तर हाताला फारसं लागत नसे. हिर्डोशीची एसटी शोधणाऱ्याला एकच पान सापडे, आमच्या पहिल्या आवृत्तीचं. पुण्याहून वरंध घाटाकडे भटकायला निघालेली काही पोरं त्या पानाची प्रिंट घेऊन स्टँडवर आली आणि सव्वातीनची गाडी मागू लागली.

स्टँडवरचे कंट्रोलर आमच्याच गल्लीत राहायचे. माझ्या वडिलांच्या वयाचे, गल्लीतली सगळी पोरं त्यांना चाचा म्हणायची. ते कागद घेऊन माडी चढून आले.

“हे कुठनं आलं बगा जरा, म्याडम. गाडी म्या सोडतो, आन् मलाच ठावं न्हाई.”

एरवी ते मला पोरी म्हणायचे. क्लासमध्ये मुलं बसलेली असली की म्याडम. मी तो कागद पहिल्यांदाच बघतेय असा उलटसुलट केला आणि मग सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पुसून टाका, म्हणाले, आमचा बोर्ड आम्ही पुसतो आणि वर नवं लिहितो. मी म्हटलं, पुसता येत नाही, नियम आहे. कुणाचा, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझाच. शेवटचा स्टॉप आला तरी खाली न उतरणाऱ्या माणसाकडे बघावं तसे ते माझ्याकडे बघत राहिले.

मी प्रमुखाला मेल करून एवढी एक सवलत मागितली. उत्तरात त्यानं माझीच जुनी मेल जशीच्या तशी पाठवली, ‘कितीही मोठा’ ठळक करून. खाली एक सूचना होती. जुन्या पानाच्या माथ्यावर पट्टी लावावी, की ही माहिती जुनी आहे, नवी इथे पाहा. पानाला हात लागत नाही, टोपी तेवढी घातली जाते. मी पट्टी लावली. नव्या आवृत्तीत हिर्डोशी काढून तिथं मार्गासनी हे रफाराचंच दुसरं गाव घातलं.

त्यानं घोटाळा वाढला. पट्टी वाचून लोक सरळ नव्या पानावर जाऊ लागले, आणि आठवडाभरात मार्गासनीला लग्नाला निघालेलं एक कुटुंब सव्वातीनच्या गाडीसाठी स्टँडवर हजर झालं. सव्वातीन तसाच ठेवून मी फक्त गाव बदललं होतं, हे मला तेव्हा कळलं.

चाचांना मात्र आता यात गोडी वाटू लागली. सव्वातीन झाले की ते केबिनमधून बाहेर यायचे, माझ्या खिडकीकडे बघून हात हलवायचे आणि आज कुठं, असं खुणेनं विचारायचे. एका दुपारी तर त्यांनी माईकवर, नेहमीच्या गंभीर आवाजात, पुकारलंच.

“सव्वातीनची हिर्डोशी आज क्लासच्या माडीवरनं सुटंल.”

स्टँडवर हशा पिकला. मीही हसत होते, तोच जिन्यावर पावलं वाजली. डोक्यावर पदर, हातात भरलेली पिशवी अशा एक बाई वर आल्या. मागं त्यांची मुलगी आणि पुतणी, दोघी कॉलेजातल्या. बाई हिर्डोशीच्या होत्या, पुकारा ऐकून खरोखरच आल्या होत्या. गाडी कुठं लागली, म्हणून त्यांनी विचारलं.

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी स्क्रीनवर पान दाखवायला लावलं. मुलीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. कॉलेज दुपारी सुटायचं, पण त्यांच्या गावची त्यानंतरची गाडी एकदम संध्याकाळची, मुक्कामाची. तोवर मुली रोज स्टँडवर बसून राहायच्या.

“तुमाला सव्वा पायजे हुता, म्हनून तुमी गाडी लिवली,” त्या मावशी सावकाश म्हणाल्या. “आमाला गाडी पायजे. आमी काय लिवायचं?”

मी म्हटलं, अर्ज. मग तिथंच, माझ्याच कॉम्प्युटरवर, त्यांनी अर्ज सांगितला आणि मी टाइप केला. सोबत आमचं पान जोडायचं असा त्यांचा हट्ट. मी म्हटलं, मावशी, ते खोटं आहे. त्या म्हणाल्या, मग खोटं आहे असं लिहा. म्हणून अर्जात वाक्य आलं: ‘सदर गाडी इंटरनेटवर दाखवली असून ती अस्तित्वात नाही. तरी ती अस्तित्वात आणावी, ही विनंती.’ आयुष्यात इतकं चोख डॉक्युमेंटेशन मी दुसरं लिहिलेलं नाही.

अर्ज घेऊन त्या खाली गेल्या. चाचांनी तो दोनदा वाचला, पण हसले नाहीत. त्या मुली रोज त्यांच्याच केबिनसमोरच्या बाकावर बसायच्या. त्यांनी खाली स्वतःच्या हातानं दोन ओळी जोडल्या आणि अर्ज वरच्या ऑफिसात पाठवला. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मी विसरून गेले होते. मावशी विसरल्या नव्हत्या. दर बाजारच्या दिवशी चाचांना विचारून जायच्या.

आणि गाडी सुरू झाली. पण साडेतीनला. किकवीहून येणारी गाडीच पुढं हिर्डोशीला न्यायची होती, आणि ती भोरला यायलाच सव्वातीन व्हायचे.

मी प्रमुखाला कळवलं. तो इतका हरखला की बदलांच्या यादीत ‘हिर्डोशीच्या गाडीची चूक दुरुस्त’ असं घालू का म्हणून विचारू लागला. मग त्याला शंका आली, की पान चुकीचं होतं आणि जग दुरुस्त झालं, तर याची नोंद कुठल्या आवृत्तीत करायची. शेवटी त्यानं मनापासून विचारलं, गाडी पंधरा मिनिटं अलीकडे घेता येईल का. म्हणजे पहिली आवृत्ती बरोबर ठरेल. मी हे चाचांना सांगितलं. ते म्हणाले, त्याला म्हणावं, अर्ज कर.

पहिल्या दिवशी मावशी मला सोबत घेऊनच गेल्या. मुली खिडकीशी बसल्या. गाडी अर्धी रिकामी होती. नव्या गाडीवर गावाचा अजून विश्वास बसायचा होता. हिर्डोशीला पोचल्यावर ती लगेच वळून परतणार होती. मी तिच्यातच बसून राहणार होते, पण घोटभर चहा घेऊन जा म्हणून मावशींनी मला उतरवलं. कंडक्टर थांबतो म्हणाला. चूल पेटेना, दूध शेजारून आणायचं होतं, आणि मी कपाला तोंड लावलं तेव्हा खालच्या वळणावर गाडीचा हॉर्न वाजला.

“गेली,” मावशी म्हणाल्या. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. संध्याकाळची मुक्कामाची गाडी पहाटे भोरला निघते, तिनं जा, म्हणाल्या, आणि परातीत नाचणीचं पीठ घेतलं. मी त्यांच्या फोनवरून भोरच्या स्टँडवर निरोप दिला की सकाळचा क्लास उशिरा सुरू होईल. निरोप चाचांकडे गेला. दुसऱ्या दिवशी मी उतरले तेव्हा माडीच्या दारावर त्यांनी खडूनं लिहून ठेवलं होतं, की क्लास साडेसातऐवजी सव्वाआठला सुटेल.