कुंडलिकभाऊ आदळायला निघाले

आहुप्याच्या उपकेंद्रात माझी बदली झाली तेव्हा मला नर्स झाल्याचाच पश्चात्ताप झाला होता. डिंभ्याच्या पुढं खड्ड्यांतून रस्ता शोधावा लागतो, असं ज्याला त्याला सांगायची हौस. घोडेगावच्या स्टँडवर कुंडलिकभाऊंच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर मी दोन्ही हातांनी दांडा धरून बसले. भाऊ पन्नाशीचे, किडकिडीत, कुणाशी फारसं न बोलणारे. त्यांनी माझ्या हातांकडं एकदा पाहिलं आणि जीप काढली. आहुपं येईपर्यंत मला दांडा धरल्याची लाज वाटायला लागली होती.

खड्डे होतेच. पण भाऊंची जीप त्यांच्यामधून पाण्यासारखी वाट काढत जायची. त्यांनी खड्ड्यांना नावं ठेवली होती. एक म्हशीचा, एक जावयाचा, एक पुढाऱ्याचा, कारण तो दर निवडणुकीला बुजायचा आणि निकालानंतर उघडायचा. पावसाळ्यात सगळा रस्ता पाण्याखाली गेला तरी कुठला खड्डा कुठं आहे ते त्यांना ठाऊक असायचं. आमच्या गावची साळुबाई दर बाजाराला अंड्यांची पाटी मांडीवर घेऊन याच जीपमधून घोडेगावला जायची. चार वर्षांत तिचं एक अंडं फुटलेलं मी पाहिलं नाही. या माणसाला कुणी शिकवलं असेल, असं मला दर खेपेला वाटायचं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात प्राची नावाची मंचरची मुलगी स्टँडवर आली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं आणि तिच्या मित्रांनी एक अ‍ॅप बनवलं होतं. फोन गाडीत ठेवायचा. गाडी आदळली की फोनला हादरा कळतो आणि नकाशावर तिथं लाल ठिपका पडतो. रेंज नसली तर फोन लक्षात ठेवतो, रेंज आली की कळवतो. मग मागून येणाऱ्या ड्रायव्हरला त्याचा फोन आधीच बोलून सांगतो, पुढे खड्डा आहे. स्टँडवरच्या सगळ्या ड्रायव्हरांच्या फोनमध्ये तिनं ते घातलं. मीही माझ्या फोनमध्ये घेतलं, पण ते लावून ठेवायचं माझ्या कधी लक्षात राहिलं नाही.

"तुम्ही फक्त नेहमीसारखी गाडी चालवा, काका," ती भाऊंना म्हणाली.

भाऊंनी नेहमीसारखी चालवली, आणि तिथंच घोटाळा झाला.

दोन महिन्यांनी गेणभाऊंच्या चहाच्या टपरीवर प्राचीनं नकाशा उघडून दाखवला. मंचरचा रस्ता गोवर आल्यासारखा लाल. ओझरकडचाही तसाच. आणि डिंभ्यापासून आहुप्यापर्यंत एक ठिपका नाही, सगळी रेघ हिरवीगार. त्या रस्त्यावर अ‍ॅप लावलेली गाडी एकच, भाऊंची.

"काय राव, तुमच्याकडं तर इमान उतरंल!" गेणभाऊ म्हणाले. सगळे हसले. भाऊसुद्धा मिशीत हसले. मला तर आमच्या ड्रायव्हरचा अभिमानच वाटला.

हसू आठ दिवस टिकलं. साळुबाई अंगणात घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तिला न्यायला अँब्युलन्स आली, ड्रायव्हर नवखा. येताना नशिबानं निभावलं, म्हणून त्याच अ‍ॅपवरच्या हिरव्या रस्त्यावर विसंबून त्यानं परत जाताना गाडी चांगली पळवली. वाटेतल्या तिरपाड गावाच्या अलीकडं जावयाच्या खड्ड्यात गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. मोडल्या हाडानिशी म्हातारी दोन तास रस्त्याच्या कडेला विव्हळत पडून होती. शेवटी भाऊंच्या जीपमधूनच आम्ही तिला खाली नेलं.

परत येताना भाऊ म्हणाले, "सिस्टर, मी चांगली चालवली, म्हणून म्हातारी रस्त्यात पडली."

"काहीतरीच काय बोलता," मी म्हणाले. पण ते खरं होतं.

मग ते म्हणाले, "श्रावणात माझी कल्याणी पयल्या बाळंतपणाला येणार हाये. तवर ह्यो रस्ता जसा हाये तसा दिसाय पायजे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकही पॅसेंजर घेतला नाही. "तुमी तेवढ्या चला, फोन बघायला," मला म्हणाले. जीप काढली आणि समोर आलेल्या पहिल्याच खड्ड्यात घातली. माझं डोकं टपाला लागलं. फोनवर लाल ठिपका उमटला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. वीस वर्षं ज्यांना चुकवत आले, त्यांच्यात भाऊ नेम धरून शिरत होते. दोन खड्डे शेजारी असले तर मागं येऊन दुसऱ्यातही घालायचे. जीप कण्हत होती. भाऊंचं तोंड, एखाद्यानं स्वतःच्या लेकराला मारावं, तसं झालं होतं. डबक्यांखाली काय आहे ते मला दिसत नव्हतं. त्यांना न बघता माहीत होतं. आहुप्याला पोचलो तेव्हा दोनशे अकरा ठिपके झाले होते. माझी कंबर कामातून गेली होती आणि मी खुळ्यासारखी त्या माणसाकडं बघत राहिले होते.

त्यानंतर ते दिसेल त्या मोटारसायकलवाल्याला, दूधवाल्याला थांबवायचे. "अ‍ॅप घे. खड्डा चुकवू नको, येकदा तरी आदळ." लोकांना वाटलं, माणूस बिघडला. पण भाऊंचा शब्द मोडवेना म्हणून बऱ्याच जणांनी घेतलं. स्वतःच्या फोनमधली बोलणारी बाई मात्र भाऊंनी बंद करून टाकली. आपल्याला कुणी रस्ता शिकवलेला त्यांना चालणार नव्हता.

श्रावणात कल्याणी आली. दिवस भरायला तीन आठवडे होते. सोमवारी तिला घोडेगावला नेऊन ठेवायचं मी ठरवलं होतं. शनिवारी सकाळी सातलाच तिचं पाणी गेलं. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता, गावात रेंज नव्हती. अँब्युलन्सला फोन लागेना. भाऊंनी जीप दारात आणली.

मी मागं कल्याणीजवळ बसले. भाऊ अशी जीप चालवत होते, की कळ नसेल तेव्हा पोरगी डोळे मिटून पडायची. वाटेत एका वळणावर रेंज आली आणि पर्समध्ये माझा फोन टिंगटिंग वाजला. आज मी अ‍ॅप लावून ठेवलं होतं. हॉस्पिटलला फोन करून सांगितलं, आम्ही येतोय, तयारी ठेवा.

तिरपाडच्या पुढं एक सरळ पट्टा आहे. सगळ्या रस्त्यात तेवढाच धड. त्यावरून घोट्याएवढं गढूळ पाणी वाहत होतं. भाऊंनी वेग वाढवला. तेवढ्यात माझा फोन बोलला, "पुढे मोठा खड्डा आहे."

"येडी झाली का ती?" भाऊ म्हणाले. "हितं खड्डा न्हाई. कधीच नव्हता!"

मी फोन बघितला. एकच ठिपका होता, पाऊण तासापूर्वीचा. कल्याणीनं कळ आली म्हणून माझं मनगट घट्ट धरलं. "आबा, थांबू नका," ती ओरडली. बाळाचं डोकं अजून वर होतं, पण फार वेळ नव्हता.

"भाऊ, एकाच माणसाचा ठिपका आहे," मी म्हणाले. "चुकलाही असेल."

भाऊंनी ब्रेक मारला. सीटखालची टॉमी, चाक खोलायची लोखंडी दांडी, घेऊन पाण्यात उतरले. पंधरा पावलं गेले आणि टॉमी खाली टेकवली. ती मुठीपर्यंत आत गेली, तळ लागला नाही. रात्रीत रस्त्याखालची मोरी वाहून गेली होती. अर्धा रस्ता नव्हताच, वर नुसतं पाणी सपाट वाहत होतं.

ते मागं वळले तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. डोंगराच्या बाजूनं टॉमी टेकवत टेकवत त्यांनी घट्ट जमीन शोधली, आणि दोन चाकं गटारात घालून जीप पलीकडं काढली. मी देवाचं नावसुद्धा घेतलं नाही, एवढी घाबरले होते. पलीकडं झुडपात पावाची पाकिटं अडकलेली दिसली. त्याचा अर्थ तेव्हा डोक्यात शिरला नाही.

घोडेगावच्या हॉस्पिटलात दहा वाजून दहा मिनिटांनी कल्याणीला मुलगी झाली. अडीच किलो, आवाज खणखणीत.

मी भाऊंना शोधत बाहेर आले. ते ड्रेसिंगच्या खोलीच्या दारात उभे होते. आत पाव-बटरवाला संपत बसला होता. तिशीचा पोरगा, दर शनिवारी मोटारसायकलवरून वर येणारा. सगळा चिखलानं भरलेला, गुडघ्याला टाके पडत होते. भाऊंना बघून त्याचा पारा चढला.

"या! तुमीच म्हनला व्हता ना, आदळ म्हनून? आदळलो! मागनं दुधाचा टेम्पो आला म्हनून वाचलो. गाडी गेली, माल गेला, फोन तेवढा खिशात ऱ्हायला!"

आपल्या फोननं काय केलं ते त्याला ठाऊकही नव्हतं. भाऊ पुढं झाले, खाली वाकले आणि मुलाच्या वयाच्या त्या पोराच्या चिखलाच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं.

"अवं काका, काय करताय?" संपत कळवळला. "त्योच पाय दुखतोय!"